भिंतीकडची कबर

मिस्त्रीच्या गॅरेजात एक नियम होता. चाकाचा प्रत्येक नट लांब पान्ह्याने पूर्ण आवळायचा आणि आवळून झाला की त्यावर ब्रशने एक पिवळी रेघ ओढायची. रेघ आहे म्हणजे नट आवळलेला आहे. रेघ नाही म्हणजे गाडी गॅरेजबाहेर जाणार नाही, मग ती खुद्द राजाची का असेना. "माणूस विसरतो, रंग विसरत नाही," असं तो एके काळी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन मान डोलवायचा. दहा वर्षं झाली, रेघा अजून ओढतो, पण ते वाक्य बंद झालं. नव्या गिऱ्हाइकांना वाटतं, मिस्त्री मुळातच अबोल.

रविवारी मात्र त्याची जीभ सुटायची. चर्चमध्ये प्रार्थना करायला तो उभा राहिला की पहिल्या दोन रांगांतल्या बायका आधीच रुमाल काढून ठेवत. देवाची दया, देवाची क्षमा, हरवलेल्याला शोधत फिरणारा देव, या विषयांवर तो असा काही बोलायचा की पाळकसाहेबांचं प्रवचन त्यापुढे फिकं पडावं. मंडळीने त्याला चर्चच्या कारभारी वडिलांपैकी एक म्हणून निवडलं ते एकमताने. आता मला विचाराल, तर माणूस ज्या गोष्टीवर फार सुंदर बोलतो तिथेच त्याचं काहीतरी दुखत असतं. पण सुंदर बोलणाऱ्याला तुझं कुठे दुखतंय, असं कोण विचारत बसतं? लोक रुमाल घडी करून घरी जायचे.

त्याची एक मोठी बहीण होती. आई लवकर गेली तेव्हा तिनेच त्याला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, चुकला तर बडवलंही. त्याला पन्नाशीचं टक्कल पडलं तरी ती त्याला धाकट्या म्हणायची. घराच्या पुढच्या खोलीत शिलाई मशीन टाकून ती लोकांचे कपडे दुरुस्त करायची. पँट आखूड करणं, चेन बदलणं, जाड झालेल्यांचे कोट सैल करणं आणि बारीक झालेल्यांचे घट्ट करणं. रोज दुपारी चारला मिस्त्री हात धुऊन तिच्याकडे चहाला जायचा. फार बोलणं नसायचं. ती शिवायची, तो कप संपवायचा आणि समोरच्या भिंतीकडे बघणं टाळायचा.

भिंतीवर एक फोटो होता. बहिणीची सात वर्षांची मुलगी, पुढचे दोन दात पडलेले, तरी हसणं तोंडभर. घरात तिला सगळे चिमणी म्हणत. फोटो डाव्या बाजूने कापलेला होता. शिवणाऱ्या बाईचा हात, त्यामुळे काप अगदी सरळ. चिमणीच्या खांद्यावर मात्र चार बोटं तशीच राहिली होती. ती कापायची तर खांदाही कापावा लागला असता. ती बोटं चिमणीच्या बापाची, म्हणजे मिस्त्रीच्या दाजींची.

एका मंगळवारी ताईने चहाच्या कपाबरोबर एक लांबट पाकीट त्याच्याकडे सरकवलं.

"दफनभूमीच्या ऑफिसचं आहे," ती म्हणाली. "दहा वर्षं झाली की विचारतात म्हणे. कबर ठेवायची, की जागा दुसऱ्याला द्यायची."

मिस्त्रीने कप खाली ठेवला. "मग?"

"चिमणीची ठेवायची, ते मी परवाच देऊन आले. हा दुसरा कागद त्याचा आहे. जागा देऊन टाका म्हणून सही केली आहे मी. शुक्रवारी शेवटची तारीख. तुझ्या वाटेवरच आहे ना ऑफिस, जाता जाता दे."

दहा वर्षांत तिने नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. तो, त्याला, त्याचा. बस.

"जागा दिली म्हणजे दगड काढून टाकतात, ताई. वर दुसरा माणूस येतो. मग तिथे दाजी होते हेही कुणाला कळणार नाही."

"मला कळून काय उपयोग झाला?" ती म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

तिचंही चूक नव्हतं, तिला जे सांगितलं गेलं होतं त्याच्या मानाने. दाजी होते मोठे दिलदार, पण वेळेशी त्यांचं सात जन्मांचं वैर. स्वतःच्या लग्नाला ते नवरीच्या मागून पोचले. तोवर जमलेल्या लोकांनी सगळी ठरलेली गाणी गाऊन संपवली होती आणि पहिल्यापासून सुरुवात केली होती. उशीर झाला की गाडी पळवायचे, गाडी पळवली की ताईच्या शिव्या खायचे. "एक दिवस या घाईपायी..." एवढंच ती म्हणायची. पुढचं तिने कधी उच्चारलं नाही, आणि मग एक दिवस ते घडलंच. चिमणीची पोहण्याची स्पर्धा होती. बापलेक निघाले. पुलाजवळच्या उतारावर गाडी कठड्यावर आदळली. दाजी जागीच गेले, चिमणीने संध्याकाळी दवाखान्यात जीव सोडला.

आता जे मिस्त्रीखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं, ते सांगतो.

त्याच सकाळी दाजींच्या गाडीचे पुढचे दोन टायर मिस्त्रीने बदलले होते. रीत अशी असते: गाडी जॅकवर असताना नट नुसते हाताने फिरवून बसवायचे, मग गाडी खाली उतरवून, चाक जमिनीला टेकलं की पान्ह्याने आवळायचे. एक चाक पूर्ण झालं, रेघा ओढून झाल्या. ब्रश हातातच होता. झाकण उघडं राहिल्याने डबीतल्या रंगावर साय धरायला लागली होती. दुसऱ्या चाकाचे पाच नट फक्त हाताने बसवलेले. त्याला वाटलं, रंग सुकण्याआधी या रेघा ओढून टाकू, आवळायला दोन मिनिटं लागतात. पाच रेघा ओढल्या. तेवढ्यात फोन वाजला, एक गिऱ्हाईक आपल्या गिअरचं रडगाणं घेऊन बसलं, आणि मिस्त्री परत आला तेव्हा समोर पाच पिवळ्या रेघा. गेली वीस वर्षं त्याचे डोळे रेघेवर विश्वास ठेवत आले होते. त्याने जॅक उतरवला, किल्ली दाजींच्या हातात दिली आणि चिमणीला म्हणाला, पहिली आलीस तर आइस्क्रीम, दुसरी आलीस तरी आइस्क्रीम. ज्याला असा नियमच नसता, त्याच्या हातून हे झालं नसतं. त्याने नट पुन्हा तपासले असते.

दुसऱ्या दिवशी ताईने त्याला बोलावलं. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, ते नंतर महिनाभराने आलं. "गाडी बघून ये," ती म्हणाली. "तुला त्यातलं कळतं. मला खरं सांग, काय झालं."

पोलिसांच्या आवारात गाडी उभी होती. पुढचं एक चाक नव्हतं. धडकेने निखळलं असतं तर बोल्ट वाकले असते, तुटले असते. ते पाचही सरळ होते, आटे शाबूत. चाक धडकेआधीच निघालं होतं. मिस्त्री तिथे किती वेळ उभा होता कोण जाणे. अधिकारी वही घेऊन आला. सगळं गाव ज्याला मानतं तो मेकॅनिक समोर उभा, मग त्याने विचारलं, "काय वाटतं, मिस्त्री?"

मिस्त्री म्हणाला, "वेग."

घरी येऊन तोच एक शब्द त्याने ताईलाही दिला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला माझ्या पोरीशेजारी ठेवायचं नाही." लोकांनी समजावलं, पाळकांनी समजावलं, ती ढिम्म हलली नाही. चिमणी झाडाखाली गेली, शेजारची जागा ताईने स्वतःसाठी राखली. दाजी मागच्या भिंतीला, जिथे माळी फावडी ठेवतो, तिथे गेले. त्यांच्या दफनाला ती आलीच नाही.

तेव्हापासून मिस्त्री रोज देवाकडे क्षमा मागत होता. अगदी नेमाने. रविवारी सगळ्यांसमोर मागायचा, इतर दिवशी गाडीखाली आडवा पडून. आणि दर महिन्याला भिंतीकडच्या कबरीवरचं गवत काढून यायचा. पण मनाला स्वस्थता मिळत नव्हती. घास घशाखाली उतरायचा, एवढंच.

तो कागद दोन दिवस त्याच्या खिशात राहिला. बुधवारी तो चर्चमध्ये गेला. पाळकसाहेब त्याच्याहून वीस वर्षांनी लहान, हाडाचे प्रामाणिक आणि हाताने अडाणी. शिडीवर चढून दिवा बदलत होते आणि शिडी डुगडुगत होती. मिस्त्रीने ती धरली.

"एका ओळखीच्या माणसाचं विचारायचं होतं," तो खालून म्हणाला.

"जवळचा आहे?"

"बराच." आणि त्याने सांगितलं. गाडीचं नाव नाही, माणसांची नावं नाहीत, पण ज्या आवाजात सांगितलं त्याने शिडीवरचा माणूस दिवा बदलायचा विसरून खाली उतरला.

"क्षमा मागितली त्याने?"

"रोज. दहा वर्षं."

"मग?"

"तुम्हीच म्हणता ना, मिळते म्हणून."

"मिळते. पुरून उरेल एवढी मिळते. मी ते दर रविवारी सांगतो आणि मला ते खरं वाटतं म्हणून सांगतो." पाळकांनी जुना दिवा खिशात टाकला. "पण मिस्त्री, हा तुमचा ओळखीचा क्षमा मागतोय, की गुपित सांभाळायला देवाची मदत मागतोय?"

मिस्त्रीने शिडी मिटून भिंतीला टेकवली.

"तो देवासमोर उभा राहतो, पण त्या बाईला दाराबाहेर ठेवून. तिचा नवरा त्याने दोनदा नेला. एकदा चुकून, ते देव जाणतो. दुसऱ्यांदा बोलून."

"सांगितलं तर ती मोडेल."

"मोडलेलीच आहे ती. खोटी कहाणी सांभाळत मोडली आहे."

"तिने माफ केलं नाही तर?"

"तर नाही. ते तिचं. पण देव त्याला टाकणार नाही, एवढं धरून त्याने जावं." पाळकांनी हाताची धूळ झटकली. "मी बरोबर येऊ का? त्या ओळखीच्याबरोबर?"

"नको," मिस्त्री म्हणाला. "तो एकटाच गेलेला बरा."

गुरुवारी चारला ताई कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत बसली होती. मिस्त्रीने खिशातला कागद काढून मशीनवर ठेवला. चहाचा कप उचलला नाही.

"दिला नाहीस?" ती म्हणाली.

"ताई, नट मी आवळले नव्हते."

"कसले नट?"

त्याने उभ्या उभ्याच सांगितलं. रेघा, रंगाची डबी, फोन. सरळ राहिलेले बोल्ट. पोलिसांची वही. एवढं सुरेख बोलणारा माणूस, पण वाक्यं अशी तुटक पडत होती की लहान पोरानेही बरी जुळवली असती. ताईचा हात उसवत राहिला. आणखी दहाबारा टाके गेले, मग थांबला.

"तू वेग म्हणालास," ती म्हणाली.

"हो."

"मी तुला खरं सांग म्हणाले होते."

"हो, ताई."

"किती वेगात होता तो?"

"साधाच. गाडीतला वेगाचा काटा चाळिसावर अडकला होता."

तिने उसवलेला दोरा ओढून काढला.

"चिमणी गाडीत असली की तो हळू चालवायचा," ती म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "एकटा असला की पळवायचा, पण ती असली की नाही. तीच ओरडायची त्याला, बाबा, सायकलवाले पुढे गेले म्हणून. मला माहीत होतं हे. मी ते कुणाला सांगितलं नाही. मला कुणावर तरी चिडायचं होतं, धाकट्या, आणि तू मला माणूस दिलास."

मिस्त्री खाली बसला.

ती आत गेली आणि बाहेरचे बूट घालून आली. "त्याची कबर कुठे आहे ते दाखव. मला जागा माहीत नाही."

त्याने किल्ली काढली तशी ती म्हणाली, "तुझ्या गाडीत मी बसणार नाही."

म्हणून चालत गेले. अर्ध्या तासाची वाट. दफनभूमीला ती दर आठवड्याला बसने जायची, पायवाट तिने कधी पाहिली नव्हती. तरी ती पुढे आणि तो दहा पावलं मागे. प्रत्येक चौकात ती थांबायची, मागे न बघता. तो म्हणायचा, "डावीकडे." ती वळायची. पुन्हा चौक, पुन्हा थांबणं, "सरळ." येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं असेल, नवराबायको भांडून निघालीत.

फाटकापाशी ऑफिस होतं. कारकून कुलूप लावायच्या बेतात होता. ताईने कागद टेबलावर ठेवला, सहीवर आडव्या दोन रेघा मारल्या आणि खाली लिहिलं, ठेवायची आहे. मग विचारलं, "याला तिकडे हलवता येईल? झाडाखाली, माझ्या मुलीशेजारी एक जागा रिकामी आहे. माझ्या नावावर आहे. ती याला द्या."

कारकून भला होता. त्याने घाई केली नाही. "पुरलेला माणूस हलवता येत नाही, बाई," तो म्हणाला. "दोनदा विचारून आलोय मी वरती, दुसऱ्या कुणासाठी. नाहीच म्हणतात."

"चूक झाली होती म्हणून सांगितलं तर?"

"तरी नाही."

तिने मान हलवली. चाकं, बोल्ट, कागद, सगळ्यांचं खरं आता कळलं होतं, पण बदलता काहीच येत नव्हतं. ती बाहेर पडली, मिस्त्री मागून म्हणाला, "मागच्या भिंतीला," आणि या वेळी ती थांबली नाही. भिंत समोरच दिसत होती.

कबर स्वच्छ होती. गवत कापलेलं, दगड धुतलेला. तिने ते पाहिलं, कुणी केलं असेल तेही ओळखलं, पण विचारलं नाही. फावड्यांशेजारी, ओल्या मातीत, ती गुडघ्यांवर बसली. दगडावरच्या नावावर तळवा ठेवला आणि दहा वर्षांत पहिल्यांदा ते नाव उच्चारलं. मिस्त्री लांब उभा होता, तरी त्याला ऐकू आलं. लग्नाआधी ती जसं लाजून म्हणायची, तसंच काहीसं.

"मी तुला तिच्याजवळ झोपू दिलं नाही," ती म्हणाली. "शेजारी जागा होती. होती आणि मी दिली नाही." आणि मग ती रडली. ते रडणं मी सांगत नाही. बाईमाणसाचं एवढ्या वर्षांचं रडणं सांगण्यासारखं नसतं. मिस्त्रीला एकदा वाटलं पुढे जावं, मग वाटलं, आपण कोण?

बऱ्याच वेळाने तिने तोंड न वळवता विचारलं, "तो ऐकतो का रे?"

"माहीत नाही, ताई."

"मग मला माफ कोण करणार? ज्याचा अपराध केला तो मातीत आहे. हलवायचीही सोय नाही."

रविवारी दोन रांगा रडवणाऱ्या माणसाला एकही सुंदर वाक्य सुचेना. तो म्हणाला, "देव करतो."

"कशावरून?"

"मला त्याने अजून टाकलेलं नाही. मग तुला कसा टाकेल?"

"एवढं सगळं? माझं दहा वर्षांचं?"

"एवढं सगळं. तुझं आणि माझंही."

भिंतीपलीकडून शाळा सुटल्याचा गलका आला आणि पुढे सरकत गेला.

"मला तुला माफ करायचं नाहीये, धाकट्या," ती म्हणाली. "खरंच सांगते. तुझ्या तोंडाकडे बघवत नाही मला. रोज चारला येऊन चहा पीत होतास. मी साखर विचारत होते."

"कळतं मला."

"काही कळत नाही तुला. मी आत्ता इथे बसून देवाला म्हणणार, माझं सोडून दे. आणि लगेच म्हणू, याचं मात्र धरून ठेव? कोणत्या तोंडाने म्हणू? तू सांग."

तिने खरोखरच विचारलं होतं, मघाशी कारकुनाला विचारलं तसं, काही सोय आहे का म्हणून. ते उत्तर मिस्त्रीने द्यायचं नव्हतं.

मग तिने उठायचा प्रयत्न केला. गुडघे धरले होते. एकदा उठली, पुन्हा बसली. आधाराला दगड होता, त्यावर तिने भार टाकला नाही. शेवटी तिने हात मागे केला, कुणाकडे असं नाही, पण तिथे एकच माणूस होता. मिस्त्रीने तो हात धरला आणि तिला उभं केलं. उभी राहिल्यावरही तिने हात सोडला नाही. त्याच्या बोटांना ग्रीसचा वास येत होता, लहानपणापासून यायचा तसाच.

"केलं," ती म्हणाली. "ऐकलंस? केलं मी माफ. पुन्हा कधी विचारू नकोस, कारण उद्या सकाळी मला तसं वाटणार नाही. वाटो न वाटो, आता केलं ते केलं."

"ताई..."

"आणि चहाला येऊ नकोस. उद्या नको, पुढच्या आठवड्यात नको. मला जमेल तेव्हा मी बोलावीन. कधी जमेल ते मला माहीत नाही."

तिने हात सोडला, साडीला लागलेली माती झटकली आणि झाडाकडे गेली, चिमणीला सांगायला. मिस्त्री भिंतीपाशीच उभा राहिला. सवयीने त्याने डोळे मिटले, सवयीने ओठ हलले, आणि मागायला काही उरलं नाही हे त्याच्या ध्यानात आलं. मग तो दाजींच्या दगडाशेजारी खाली बसला आणि पोरासारखा रडला.